काढलास का?

फिल्मचा एसएलआर, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आतल्या आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा, हातात आला की पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं वजन आणि दुसऱ्यांदा त्याचं मौन. फोन सतत काहीतरी सुचवत असतो. हा गडी गप्प. रोल भरलाय की नाही, भरला असेल तर सरकतोय की नाही, याबद्दलही चकार शब्द काढत नाही.

रोल भरणं म्हणजे फिल्मची जीभ पलीकडच्या स्पूलच्या फटीत खोचायची, कडेची भोकं दात्यांवर बसवायची आणि मागचं झाकण लावायचं. मधोमध शटरचा पातळ पडदा असतो. त्याला बोट लावायचं नाही, असं माहितीपुस्तिका बजावते आणि तेव्हापासून बोट तिकडेच जाऊ बघतं. फिल्म नीट बसली का हे झाकण उघडून पाहावं, तर प्रकाश शिरून ती बाद. म्हणून फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची (रोल परत गुंडाळायची) खुंटी फिरतेय का, एवढंच बघायचं. फिरली तर फिल्म सरकतेय.

माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी आहे. शटर, ॲपर्चर (लेन्सचं लहानमोठं होणारं भोक), फोकस, सगळं हाताने. बॅटरी संपली तरी कॅमेरा चालतच राहतो, सल्ले देणं तेवढं थांबवतो. (ही सोय इतरत्रही हवी होती.) पण मीटर जागा राहायला लिव्हर थोडा बाहेर काढून ठेवावा लागतो, आणि मी पडलो डाव्या डोळ्याने बघणारा. त्यामुळे लिव्हरचं टोक थेट उजव्या भुवईत. उजेड मोजायचा तर टोचून घ्यायचं.

अशा अवस्थेत मी मावशीच्या घरच्या मंडळींना ओळीने बसवलं. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, मध्यभागी एक दुभंगलेलं वर्तुळ असतं. फोकस नसेल तर वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. मावशीच्या नाकाचे दोन तुकडे मी मोठ्या कष्टाने जुळवत आणले, तोवर तिचं हसू ओसरलं. हसू परत आलं तेव्हा ती "झालं का रे?" म्हणत पुढे झुकली आणि नाक पुन्हा दुभंगलं. मीटरची सुई या गडबडीत खाली गेली, कारण उन्हावर ढग आला होता. जास्त उजेड आत यावा म्हणून शटर १/१२५ सेकंदावरून १/६० वर आणलं. काकांनी दरम्यान घड्याळ पाहिलं.

खटाक!

आवाज असा की शेवटच्या रांगेतला भाचा दचकला. आणि नेमक्या त्या क्षणी माझ्यापुढे अंधार, कारण फिल्मकडे प्रकाश जाऊ द्यायला आतला आरसा वर उचलला जातो. आता तो लगेच खाली तरी येतो. १९५४ च्या असाहीफ्लेक्स टू-बी या जपानी कॅमेऱ्याने ही सोय रुळवली. त्याआधीच्या बहुतेक एसएलआरमध्ये फोटो काढला की पुढची फ्रेम ओढेपर्यंत डोळ्यांपुढे काळोखच. तरी मूळ अडचण कायम आहे: ज्या क्षणाचा फोटो येतो, तेवढाच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही.

"माझे डोळे मिटले का?" मावशीने विचारलं.

सगळ्यांत जवळून बघत असलेला मी. मलाच ठाऊक नव्हतं.

भाच्याने कॅमेरा उलटा केला. मागच्या झाकणावर एक धातूची चौकट असते, फिल्मच्या खोक्याचा तुकडा खोचून ठेवायला. आत कोणती फिल्म आहे ते लक्षात राहावं म्हणून. त्याने त्या तुकड्यावर बोट फिरवून पाहिलं. खोकं सरकलं नाही.

"दाखव ना," काका म्हणाले.

"दिसत नाही. छत्तीस फोटो झाले की रोल धुवायला द्यायचा, मग कळेल."

"म्हणजे मिटलेत का, हे आत्ता कळणारच नाही?" मावशी.

"नाही."

"मग रोल धुऊन येईपर्यंत आम्ही असंच बसून राहायचं का?"