उठलीच आहेस तर…

व्यायामाची सुरुवात मॅटपासून करावी. थेट शरीरापासून सुरुवात करणारे लोकही असतात, पण ते एकटे राहतात. तुम्ही भरल्या घरात राहता आणि घरूनच काम करता, तेव्हा आधी मॅट. सहा मिलिमीटर जाडीची घ्या, आणि हिरवीच घ्या. हिरवीच का, ते दिवाळीत कळेल.

आणली की हॉलमध्ये पसरून ठेवा. डोळ्यांसमोर असली की आठवण राहते, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. फक्त ती आठवण घरातल्या प्रत्येकाला राहते. आमच्या सासूबाईंना तिसऱ्याच दिवशी आठवलं की वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर लावायची राहिली आहे आणि जुनी चादर काही पुरत नाही. पुढचे चार दिवस मॅटवर आंबेमोहोर पहुडला होता. आमच्या घरात त्या मॅटवर इतकं दीर्घ आणि अविचल शवासन त्यानंतर कुणालाच जमलेलं नाही.

आता वेळेकडे वळू. वेळच मिळत नाही, असं रडण्याआधी नीट हिशेब मांडा. मी मांडला. सिंहगड रोडवरून हिंजवडीला जायला गर्दीच्या वेळी दीड तास, यायला दीड तास. मार्च २०२० मध्ये कंपनीने लॅपटॉप घरी न्यायला सांगितलं आणि रोजचे हे तीन तास माझ्या खात्यात जमा झाले. म्हणजे पाच दिवसांचे पंधरा तास, म्हणजे ९०० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी नव्याने सांगितलं की मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. दिवसाला जेमतेम बावीस मिनिटं. माझ्याकडे त्याच्या सहापट शिल्लक! त्या दिवशी मी इतकी श्रीमंत होते की आनंदाच्या भरात ही गोष्ट घरात बोलून दाखवली.

तुम्ही हे करू नका. किंवा करा, म्हणजे पुढचं समजून घ्यायला सोपं जाईल.

पोळ्यांच्या मावशी गावी गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या नाहीत, कारण मी घरीच असते. चाळीस मिनिटं. शाळा सुरू झाल्यावर मुलाची रिक्षा बंद केली, कारण मी घरीच असते. सोडायला तीस, आणायला तीस. त्याचा अभ्यास तीस. उरलेली वीस मिनिटं शेजारपाजारची. अख्ख्या मजल्याचे सिलिंडर, कुरिअर आणि किल्ल्या आमच्याकडे असतात, आणि आमचं दार उघडंच आहे असं समजून गॅसवाला आता शेजाऱ्यांची बेलही वाजवत नाही. झाली बरोबर १५० मिनिटं. आरोग्य संघटनेला आठवड्याला लागतात तेवढी आमच्या घराला रोज लागतात, एवढाच फरक. राहिला अर्धा तास. तो ऑफिसने घेतला, कारण आता प्रवास नाही म्हटल्यावर मीटिंग साडेआठला ठेवायला काय हरकत आहे?

या सगळ्यात दोष कुणाचाच नाही. दोष 'च'चा आहे. शाळेत शुद्ध शब्दयोगी अव्ययं शिकवली होती, त्यात हा 'च' होता. शब्दाला चिकटतो, त्याचं सामान्यरूप होऊ देत नाही, वरवर अगदी निरुपद्रवी. आम्ही तो पाठ केला आणि विसरलो. त्याचा खरा उपयोग लग्नानंतर कळतो. 'तू घरी आहेस' हे विधान आहे. 'तू घरीच आहेस' ही नेमणूक आहे. त्याला पुढे 'तर' जोडला की कामाचं स्वरूपही ठरतं.

पहाटे उठा, हा सल्ला तुम्हाला सगळेच देतील. मीही देते. साडेपाचला उठा. गजर फोनचा नको, उशीखाली थरथरणारा हवा. दिवा लावू नका, चप्पल घालू नका, दूध तापवायचा मोह टाळा. आमच्या घरात दूधवाल्याच्या बेलने कुणी जागं होत नाही, कचऱ्याच्या गाडीच्या गाण्याने होत नाही, मुलीच्या स्वतःच्या गजराने तर मुलगी सोडून सगळा मजला जागा होतो. पण मी अंधारात बुटांची नाडी बांधायला वाकले की आतल्या खोलीतून आवाज येतो, "अगं, उठलीच आहेस तर मटकीला मोड आलेत का बघ." मटकी बघायला जाता तेव्हा ओट्यावर कालची भांडी दिसतात. भांडी लावेपर्यंत सहा वाजतात. सहाला मुलगा उठतो, कारण आई उठलीच आहे.

पहाट जमत नसेल तर सूर्यनमस्कार घाला. जागा कमी, साहित्य शून्य, बारा आकड्यांत सगळं शरीर हलतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत, आणि त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांतही ते सुरू केले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. फक्त ते नमस्कार घालत होते तेव्हा जमीन दुसऱ्या कुणीतरी झाडलेली होती, हा मुद्दा प्रसाराच्या भरात राहून गेला असावा. कारण साष्टांग स्थितीत कपाळ जमिनीला टेकलं की नजर सोफ्याखाली जाते. उभ्या माणसाला जे वर्षभर दिसत नाही, ते सगळं तिथे असतं. मला पहिल्याच नमस्कारात एक वाळलेलं लिंबू, टीव्हीचा हरवलेला रिमोट, शाळेच्या ओळखपत्राची दोरी आणि गणपतीतल्या आरासीतली चमकी दिसली. तिथून पुढच्या आकड्याला जाणं कुठल्याही गृहिणीला शक्य नाही. त्या दिवशी मी एक नमस्कार आणि तीन खोल्यांचा केर काढला. बाळासाहेबांनी पाहिलं असतं तर सोफा कायमचा हलवला असता. आमच्याकडे तो हलवायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस ऑफिसला गेलेलं असतं.

घरात जमत नाही म्हणता? मग खाली फिरायला जा. चप्पल घालताना सांगावं लागतं, कारण न सांगता गेलात तर लिफ्टमध्ये फोन येतो. सांगितलं की, "खाली जातेच आहेस तर..." माझा आजवरचा विक्रम असा: इस्त्रीचे कपडे देणे, ब्लाउजला हूक लावायला टाकणे, कोथिंबीर, रखवालदाराकडचं पार्सल आणि गिरणीत दळण. यात दळण मात्र शास्त्रशुद्ध आहे, ते टाळू नका. आरोग्य संघटनेची दुसरी शिफारस अशी की आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम हवा. पाच किलो गहू डाव्या हातात, तीन किलो ज्वारी उजव्या हातात. पुढच्या खेपेला हात बदला. गिरणीवाला "अर्ध्या तासाने या" म्हणतो, म्हणजे दोन संचांमध्ये जी विश्रांती घ्यायची असते तिचीही सोय होते.

मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधा. रोज दहा हजार पावलं, हा आकडा ऐकला की तो कुठल्यातरी प्रयोगशाळेत रक्त तपासून काढला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जपानमधून आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे पावलं मोजण्याचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. नाव छान वाटलं आणि जगभर चिकटलं. हे वाचल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं आणि मी घड्याळाकडे व्यापारी दृष्टीने बघू लागले. रवीने ताक घुसळताना ते पावलं मोजतं. पुरणपोळी लाटतानाही मोजतं, अगदी उदारपणे. भाजी निवडताना मात्र मोजत नाही, त्यामुळे मेथी निवडण्यात काही अर्थ नाही, असं मी घरात एकदा मांडून पाहिलं. मान्य झालं नाही.

सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे ते नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात बांधणे. शाळा, क्रिकेट आणि जिने मिळून माझी रोज सोळा हजार पावलं व्हायला लागली. ऑफिसमध्ये आरोग्याची स्पर्धा होती, तीत माझा पहिला नंबर आला. सगळ्या टीमसमोर माझं कौतुक झालं, वेळेचं नियोजन कसं करतेस यावर दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी बोललेदेखील. बक्षीस म्हणून घरी एक गोल गुंडाळी आली. हिरवी मॅट.

त्यामुळे दिवाळीत प्रश्न उरला नाही. मुलाने खाली पार्किंगजवळ किल्ला केला, त्याच्या पायथ्याशी शेत हवं होतं आणि पेरलेले अळीव वेळेत उगवले नव्हते. नवी मॅट अंथरली, तिच्यावर बैलजोडी, विहीर आणि पाच मावळे. फार सुरेख दिसत होतं. रायगडाच्या पायथ्याशी सहा मिलिमीटर जाडीचं शेत. आता तुमच्या लक्षात आलं असेल की मी निळी का सुचवली नाही.

ऑफिसच्या वेळेत व्यायाम करण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण मला ते एकदाच जमलं. कॅमेरा बंद करून उठाबशा काढत होते. बाविसाव्या उठाबशीला माझं नाव पुकारलं गेलं, मी माइक सुरू केला आणि धापा टाकत म्हणाले की काम वेळेत होईल. पलीकडे शांतता. मग मॅनेजर फार हळव्या आवाजात म्हणाला की इतका ताण घेऊ नकोस, तारीख आपण पुढे ढकलू. हा उपाय प्रत्येक तिमाहीत एकदाच वापरावा.

आता एक आदर्श उदाहरण. ते बघायला मला लांब जावं लागत नाही, घरातच आहे. माझा नवरा दर शनिवारी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातो. पायथ्यापर्यंत स्कूटरने जातो, वर मित्र भेटतात, उतरल्यावर पोहे आणि दोन चहा. अकराला घरी येतो तेव्हा चेहऱ्यावर असं तेज असतं की त्याला काही काम सांगायला जीभ रेटत नाही. बरीच वर्षं मला वाटायचं की त्याला वेळ मिळतो. मग एकदा नीट कान देऊन ऐकलं.

तो म्हणतो, "मी निघालो."

बस, एवढंच. अजून बूट पायात नाहीत, चावी सापडायची आहे, तो पेपर वाचत सोफ्यावर बसलेला आहे, पण क्रियापद भूतकाळात गेलेलं असतं. झालेल्या गोष्टीला कोण काय हरकत घेणार? निघालेल्या माणसाला मटकी दाखवता येत नाही. त्याच्या वाक्यात 'च' लावायला फटच नसते. आणि मी काय म्हणते? "मी जरा जाऊन येऊ का?" एक 'जरा', एक 'येऊ' आणि शेवटी प्रश्नचिन्ह. म्हणजे अर्जच तो. अर्ज आला की छाननी होते, छाननीत कोथिंबीर निघते.

तेव्हा शेवटचा आणि महत्त्वाचा सल्ला: मॅट, घड्याळ, गजर सगळं सोडा आणि काळ बदला. मी गेल्या महिन्यात बदलला. शनिवारी सकाळी सात वाजता, हॉलच्या मधोमध उभी राहून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी निघाले."

मिक्सर थांबला. मुलीने कानातला एक इअरफोन काढला, जी गोष्ट ती जेवायलाही करत नाही. मुलगा म्हणाला, "कुठे?" नवऱ्याने पेपर खाली केला. "म्हणजे? मग मी...?" असं म्हणून तो थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं की पुढचं क्रियापद नेमकं कुठल्या काळात घ्यावं हे त्याला ठाऊक नाही.

आणि आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पायात नातीचे जुने स्पोर्ट्स शूज, नाड्या बांधलेल्या. "थांब, मीही आले," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी रोज पर्वती चढायचे. एकशे तीन पायऱ्या, एका दमात. इथे आल्यावर म्हटलं होतं एकदा, की जाऊन येऊ का." त्या इतकंच बोलल्या आणि चपलांच्या कपाटावरून एक रिकामी पिशवी उचलून लिफ्टकडे गेल्या.

पिशवीचा अर्थ मला खाली गेल्यावर कळला. पुण्यात सकाळी फिरायला निघणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत, चालणारे आणि दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडणारे. पहिल्या बंगल्याबाहेर तगर होती. आई टाचा उचलून, दोन्ही हात वर ताणून, श्वास रोखून उभ्या राहिल्या. इतकं निर्दोष ताडासन मी कुठल्याही व्हिडिओत पाहिलेलं नाही. मी फांदी धरली. दुसऱ्या बंगल्यात जास्वंद होती, पण तिथे कुत्रा होता, त्यामुळे तेवढ्या तीस पावलांत आमच्या हृदयाचे ठोके संघटनेला अपेक्षित असलेल्या मध्यम पातळीच्याही वर गेले. मग त्यांना ओळखीच्या एक बाई भेटल्या. मग त्यांच्या सूनबाईंचं बाळंतपण.

बावीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही आमच्या गेटपासून तिसऱ्या बंगल्यापाशी होतो. मी वळले. "आता वळतोच आहोत तर," आई म्हणाल्या, "कोपऱ्यावर नारळ चांगले मिळतात."

दोन घेतले. एका हातात एक.