31 मे, शाल आणि सेवापुस्तक

परवा 31 मे झाली. दिवसभर व्हॉट्सॲपवर फेट्यातले, हारातले, शालीतले फोटो येत राहिले. आपल्याकडे या एका दिवशी एवढे लोक निवृत्त का होतात, हे नव्या पोरांना कळत नाही. कारण साधं आहे. आमच्या पिढीत कितीतरी जणांच्या आईबापांना जन्मतारीख ठाऊकच नव्हती. पोराला शाळेत घातलं की गुरुजी विचारायचे, आई सांगायची, 'मोठ्या पुरानंतरचा हाय.' गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आणि 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो, असा नियम. म्हणून 31 मे.

जाता जाता सांगते, गुरुजींनी 2 जून लिहिलं असतं तर हीच माणसं 30 जूनला निवृत्त झाली असती. एक पगार जास्त मिळाला असता. शिवाय 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1 जुलैला लागणारी वर्षाची वेतनवाढही पेन्शनला धरली गेली असती. टाकाच्या एका फटकाऱ्यात केवढं नुकसान! पण गुरुजींना काय ठाऊक.

मी जिल्ह्याच्या एका सरकारी कार्यालयात सतरा वर्षं आस्थापनेच्या टेबलावर होते. म्हणजे कोण कधी रुजू झालं, कुणाची किती रजा शिल्लक आहे, कोण कधी जाणार, सगळं माझ्याकडे. आणि जाणाऱ्याचा निरोप समारंभही माझ्याकडेच. तो कुठल्या शासन निर्णयात लिहिलेला नाही, पण टेबलाबरोबर चार्जमध्ये येतो.

या समारंभाला सरकारचा एक रुपया लागत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सगळं वर्गणीतून होतं. साहेबांकडून जास्त, लिपिकांकडून कमी, शिपायांकडून घ्यायची नाही असं ठरतं आणि तेच आधी आणून देतात. त्यातून शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, एक गणपती नाहीतर विठ्ठल-रखुमाई, वहिनींना साडी, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर 'सेवापूर्ती सोहळा'. पूर्वी 'निरोप समारंभ' लिहायचो, ते आता अशुभ वाटतं म्हणे. मग पुरी-भाजी, मसालेभात, जिलबी. भाषणं आधी आणि जेवण नंतर, हा क्रम कधी मोडायचा नाही. मोडला तर भाषणाला कुणी थांबत नाही.

अध्यक्षस्थानी साहेब. साहेबांची तीन वर्षांनी बदली होते, त्यामुळे तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाविषयी बोलणारा माणूस त्याला सात-आठ महिन्यांपासून ओळखत असतो. सकाळी मला बोलावून विचारायचे, 'मॅडम, यांच्याबद्दल दोन मुद्दे द्या.' मी द्यायचे. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, वेळेचे पक्के. वेळेचे पक्के म्हटलं की मागच्या रांगेत खसखस पिकायची. ज्यांना बोलता येण्यासारखं खरं काही असायचं, ते बोलायला उठत नसत, आणि उठले तर रडायचे.

शालींचं तर वेगळंच चक्र आहे. माझ्या कपाटात अकरा शाली होत्या. त्यातली एक मी भाच्याच्या लग्नात कुणाला तरी दिली. दोन वर्षांनी आमच्याच गल्लीतल्या गणेश मंडळाने माझा सत्कार केला, तेव्हा ती परत आली. काठाजवळचा हळदीचा डाग मी ओळखला. तक्रार नाही, शाल फिरतीच बरी. पण शाल म्हणजे कार्यालयाने दिलेला मान, असं मी मानत नाही. ती सहकाऱ्यांची माया. कार्यालयाने द्यायची गोष्ट निराळी आहे, आणि नेमकी तीच त्या दिवशी टेबलावर नसते.

ती गोष्ट म्हणजे पेन्शनचा कागद.

आपल्याकडे 1982 चे निवृत्तिवेतन नियम आहेत. माणूस निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी त्याच्या कागदांचं काम सुरू करायचं आणि सहा महिने आधी प्रकरण एजी ऑफिसला, म्हणजे महालेखापालांकडे, पाठवायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर व्याज द्यायचीही तरतूद आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी माणसाचा विचार केला होता. पुढे काय होतं? सेवापुस्तक, म्हणजे माणसाच्या नोकरीची सगळी नोंद असलेलं पुस्तक, तिसऱ्याच कार्यालयात निघतं. पडताळणी पथक एका वेतननिश्चितीवर लाल शाईने आक्षेप घेतं. 10-20-30 च्या, म्हणजे तेवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनाच्या लाभाचा आदेश सापडत नाही. ज्या गावात पंचवीस वर्षांपूर्वी वर्षभर काम केलं, तिथून 'ना देय', म्हणजे काही येणं बाकी नसल्याचा दाखला हवा असतो, आणि ते कार्यालयच आता तिथे नसतं. तोवर 31 मे उजाडते, फ्लेक्स लागतो, जिलबी येते. 1 जूनला माणूस पुन्हा त्याच दारात उभा, फक्त आता अभ्यागत म्हणून. काल ज्याला आपण 'आपली उणीव भासत राहील' म्हटलं, त्याला आज 'दुपारनंतर या' म्हणतो. मीही म्हटलंय. लपवण्यात अर्थ नाही.

आणि मग माझी पाळी आली. सतरा वर्षं दुसऱ्यांची सेवापुस्तकं चाळली, स्वतःचं एकदाही नीट उघडलं नव्हतं. 1993 साली मी अकरा महिने दुसऱ्या कार्यालयात होते. तिथल्या सेवेची पडताळणी नोंदलेलीच नव्हती. एजीचा आक्षेप आला. मी निवृत्त झाल्यावर आठ महिने तात्पुरत्या पेन्शनवर काढले. माझ्या जागी आलेला मुलगा चांगला होता, मला खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा. पण तो खुर्ची द्यायला उठला की माझ्या पोटात कालवायचं. अभ्यागतालाच खुर्ची देतात ना! स्वतःच्या टेबलापाशी बसायला कुणी खुर्ची देत नसतं.

माझा मोठा भाऊ एसटीत चालक. त्याची कागदावरची जन्मतारीखही 1 जून. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली तीही 1 जून 1948 ला, त्यामुळे तो म्हणायचा, 'मी आणि एसटी एकाच दिवशीचे.' त्याच्या शेवटच्या फेरीला डेपोतल्या पोरांनी गाडीला केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा लावल्या. वाटेतल्या एका गावात लोकांनी गाडी थांबवून त्याला टोपी-टॉवेल दिला, नारळ फोडला, एका म्हातारीने दृष्ट काढली. असा निरोप एखाद्या सचिवालाही मिळत नसेल. आणि पेन्शन? एसटीवाल्यांना आमच्यासारखी नाही, त्यांना ईपीएस-95, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची 1995 ची पेन्शन योजना. त्यात पगार कितीही असो, धरायचा पंधरा हजारांपर्यंत, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पस्तीस वर्षांचे पुरे भरले तरी साडेसात हजार, दोन वर्षांचा बोनस धरून आणखी थोडे. बहुतेकांच्या हातात त्याहून कितीतरी कमी पडतात. किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयांवर आहे. भाऊ त्या केळीच्या खांबांचा फोटो फ्रेम करून बसलाय. मी त्याला हिशोब विचारत नाही.

रेल्वेचं मला आवडतं. एक तर तिथेही शेवटची फेरी साजरी होते. आपल्या सातारच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, 2025 च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाल्या. शेवटी त्यांनी राजधानी एक्सप्रेस सीएसएमटीला आणली तेव्हा स्वागताला माणसं फलाटावर उभी होती. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शेवटच्याच दिवशी सगळे हिशोब हातात देण्याची तिथे जुनी रीत आहे. महिनाअखेरीला एका सभागृहात सगळ्यांना बोलवायचं, कागद द्यायचे, पैसे खात्यात टाकायचे. एवढ्या अवाढव्य खात्याला हे जमतं, तर चाळीस माणसांच्या कार्यालयाला का जमू नये?

कार्यक्रम बंद करा, असं मी म्हणत नाही. काही लोक म्हणतात, वर्गणीचा खर्च कशाला, एखाद्या संस्थेला द्या. द्या की, पण बायकोपोरांसमोर एकदा कुणीतरी आपल्याबद्दल चांगलं बोलावं, एवढं माणसाला लागतं. मला इतकंच वाटतं की कार्यक्रमपत्रिकेत 'दीपप्रज्वलन'च्या वर एक ओळ असावी, पेन्शन मंजुरीपत्र वाटप. मंजुरी आली नसेल तर साहेबांनी माइकवर सांगावं की आली नाही, आणि का आली नाही. बघा मग फायली कशा पळतात. नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची जुन्या पेन्शनसाठीची लढाई आणखी वेगळी, त्यासाठीचा 2023 च्या मार्चमधला संप सगळ्यांना आठवत असेल. त्यावर नंतर कधीतरी लिहीन.

परवाच्या 31 मेला मीही एका समारंभाला गेले होते. आमच्या शिपाई मावशींचा. नवरा आमच्याच कार्यालयात शिपाई, नोकरीत असतानाच गेला, त्याच्या जागी अनुकंपावर लागल्या. तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती, आता साठ पूर्ण. आता टेबलावर असलेल्या मुलीने त्यांचं प्रकरण डिसेंबरमध्येच पाठवलं होतं. भाषणं झाल्यावर तिने मावशींच्या हातात एजीचं पत्र ठेवलं. मावशींना वाचता येत नाही, सही तेवढी येते. त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. 'ताई, यात माझं नाव कुठं हाय?'

मी दाखवलं. आधी त्यांचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. त्यांनी मधल्या नावावर बोट ठेवलं. 'हे त्यांचं ना?'

'हो.'

'बरोबर लिवलंय?'

मी पुन्हा एक एक अक्षर वाचून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी न घालता तो प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला, पिशवी छातीशी धरली आणि बसस्टँडकडे निघाल्या. शाल खुर्चीवरच राहिली. ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.