माळ आधी कुणी खाल्ला?

आमच्या सोलापूरच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. एका मित्राच्या गावच्या गायरानात पारध्यांची वस्ती आहे, ती उठवा. ‘ही माणसं एका जागी टिकत नाहीत, यांना जमीन कशाला?’ असं निम्म्या वर्गाचं मत. मी विरोध केला तर उत्तर आलं, ‘तू कॅनडात विनिपेगला बसून आम्हाला शिकवू नकोस.’

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ मी या सगळ्यांइतकाच पाहिलाय. तितर, लाव्हे, ससे फाशात धरून फासेपारधी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जगले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झालं. पण फास काढून घेतल्यावर त्यांच्या हातात दिलं काय? उजनीचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, शहरालगतची रानं एनए (बिनशेती) होऊन प्लॉट पडले. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य लोकांची अडचण होते म्हणून 8,496 चौरस किलोमीटरवरून 1,222 वर आणलं. शेतकऱ्याची अडचण सरकारला कळते, कळायलाच हवी. मग पारध्याचीच का कळत नाही?

आणि ‘टिकत नाहीत’ हे सोलापूरकरांनी तरी म्हणू नये. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा 1871 साली आला, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला आणि त्याखाली आपल्याच गावात सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी, भामटे तारेच्या कुंपणात कोंडले. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परत कुंपणात. 31 ऑगस्ट 1952 ला ते विमुक्त झाले, पुढे गिरण्याही बंद पडल्या. फिरले तर चोर ठरवायचे आणि थांबले तर अतिक्रमणवाले, मग त्यांनी जायचं कुठे?

त्याच 1871 साली इथे विनिपेगच्या भागात ट्रीटी वन झाली, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेचा इथल्या मूळ लोकांशी जमिनीचा करार. त्यांनाही पुढे रिझर्व्हबाहेर, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीबाहेर, पडायला सरकारी एजंटचा पास लागायचा. मी ज्या ग्रँट पार्कात भाजी घेते, तिथली मेटिस (मूळ लोक आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या) लोकांची रूस्टर टाउन ही वस्ती शहराने 1960 च्या सुमारास पुसून टाकली. पण सैन्याने सोडलेल्या कॅपियाँग बराकींच्या जागेसाठी इथल्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळ लोकांच्या जमाती, वर्षानुवर्षं कोर्टात लढल्या, आणि 2022 मध्ये त्यातला मोठा भाग ट्रीटी वनच्या सात नेशन्सचा रिझर्व्ह झाला. ऐन शहरात, मोक्याची जमीन. इथल्या मेन स्ट्रीटवरची मूळ लोकांची दैना मलाही दिसते. तरीही कुणाची जमीन होती हे इथे बहुतेक सभांच्या सुरुवातीला मोठ्याने सांगतात. आपल्याकडे हे कुणी उच्चारलं की ते ‘बाहेरचे’.

खरी बाहेरची तर मी आहे. वडिलांनी जुळे सोलापुरात प्लॉट घेतला, तोही कधीकाळी माळच होता. इथलं घरही ट्रीटी वनच्या जमिनीवर. दोन्हीकडची कागदपत्रं माझ्याकडे आहेत, दोन्हीकडे मला कुणी उठवत नाही. सोलापूर माझं आहे हे सांगताना अलीकडे मात्र आवाज चढतो, कारण तिथे रोज राहणाऱ्यांपुढे ते सिद्ध करावं लागतं. पारध्याला तर जन्मभर हेच करावं लागतं, तेही जातीच्या दाखल्यासाठी 1950 च्या आधीचा पुरावा मागणाऱ्या टेबलापुढे.

14 एप्रिल 1990 पर्यंत मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासननिर्णय 1991 पासून आहे. ती वस्ती आमच्या शाळेच्या दिवसांपासूनची आहे. ग्रुपवरच्या ज्यांच्या तहसीलमध्ये ओळखी आहेत त्यांनी वस्ती उठवायचा अर्ज मागे घ्यावा आणि त्या घरांच्या नावावर सातबारा करायचा अर्ज लिहून द्यावा. सही मी इथून पाठवते.