एक्सेलच्या पोटात ब्राउझर

"ॲड-इनच्या पॅनलमध्ये एक वेबपेज दाखवायचंय, बस्स!" ॲड-इन म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा आपला छोटा प्रोग्राम. कुणी असं म्हणालं की त्या 'बस्स'चीच मला धास्ती वाटते.

प्रोग्रामच्या खिडकीत वेबपेज दाखवणारा तयार तुकडा, म्हणजे जुना वेबब्राउझर कंट्रोल, टूलबॉक्समधून ओढून आणला की लगेच चालतो. हीच त्याची लबाडी. आत बसलेत इंटरनेट एक्सप्लोरर आजोबा, आणि काही सांगितलं नाही तर ते सातव्या आवृत्तीतच रमतात. आजचं जावास्क्रिप्ट दिसलं की स्क्रिप्ट एररची खिडकी उघडून कण्हायला लागतात. विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, फीचर ब्राउझर एम्युलेशनखाली ११००१ लिहिलं की अकरावी आवृत्ती अंगात येते. पण ही नोंद ईएक्सईच्या, म्हणजे स्वतः चालणाऱ्या प्रोग्राम फाइलच्या, नावाने होते, आणि आपली कसली आलीये ईएक्सई? आपण डीएलएल, दुसऱ्याच्या पोटात चालणारी फाइल. नाव एक्सेलचं लिहावं लागतं, आणि त्याच प्रोसेसमधल्या परक्या ॲड-इनचे आजोबाही फुकटात तरुण होतात.

मग आगीतून वेबव्ह्यू-टूच्या फुफाट्यात. हा एज ब्राउझरवर चालणारा नवा कंट्रोल. टेस्ट ॲपमध्ये हा अगदी गुणी. एक्सेलमध्ये शिरला की ८००७०००५, म्हणजे ॲक्सेस डिनाइड. कारण साधं आहे: कुकी-कॅशचा फोल्डर तो ईएक्सईच्या शेजारी करायला जातो, आणि एक्सेल राहतं प्रोग्राम फाइल्समध्ये. तिथे साध्या युजरला लिहायला बंदी. म्हणून एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ब्राउझरची मांडणी, आपणच तयार करायचं, त्याला लोकल ॲपडेटामधला (युजरच्या स्वतःच्या जागेतला) फोल्डर द्यायचा आणि ते कंट्रोल सुरू करणाऱ्या एन्शुअर-कोअर-वेबव्ह्यू-टू-एसिंकच्या हातात ठेवायचं. त्याआधी सोर्स प्रॉपर्टीला, म्हणजे पेजच्या पत्त्याला, हात लावायचा नाही. डिझायनरमध्ये कुणी हौसेने यूआरएल भरून ठेवला असेल, तर कंट्रोल परस्पर सुरू होतो, त्याच बंदीच्या फोल्डरकडे धाव घेतो, आणि तुमचं एन्व्हायर्नमेंट राहतं बाजूला.

अवेट (कुणाला न अडवता वाट बघणं) लिहायचा कंटाळा म्हणून डॉट रिझल्ट (उत्तर येईपर्यंत तिथेच अडून बसणं) लावणाऱ्यांचं तर वेगळंच. खिडकी सांभाळणारा यूआय थ्रेड ब्राउझरची वाट बघतो, ब्राउझरला 'झालं' सांगायला तोच यूआय थ्रेड मोकळा हवा असतो. दोघंही ढिम्म. वर एक्सेलच्या कपाळावर 'नॉट रिस्पॉन्डिंग'.

यातूनही तरलात, तर वेबव्ह्यू-टूला सुरू करून देणारी लोडर डीएलएल आहेच. विंडोज ६४ बिट, म्हणून लोडरही ६४चा दिला, आणि ऑफिस निघालं ३२ बिटचं! दोन्ही लोडर सोबत द्या. तरीही शंका असेल तर फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं जाऊन वरची ओळ वाचा. ग्राहकाच्या मशीनवर हं, तुमच्या नव्हे.