खिडकी क्रमांक ६३१

मामांना एकच पान छापून हवं होतं. काळं-पांढरं, पाठकोरं, खाली सहीची जागा. मामा म्हणजे बायकोचे मामा. ते पान त्यांनी आपल्या फोनवरून मला मेल केलं होतं, प्रिंटर पलीकडच्या खोलीत होता आणि घरातला कॉम्प्युटरवाला मी. एवढी तयारी पाहून मामांनी खुर्ची ओढली आणि माझ्या उजव्या खांद्यामागे ठाण मांडलं. 'दोन मिनिटांचं काम' हे शब्द त्यांचे. नातेवाइकांत ते नंतर माझ्या नावावर जमा झाले.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. मध्यंतरी राऊटर बदलला, त्यामुळे प्रिंटर नव्याने जोडायचा होता. लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार कप्स नावाची यंत्रणा बघते आणि तिचं पान ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, ६३१ नंबरच्या पोर्टवर उघडतं.

"हे ६३१ काय?"

"पोर्ट, मामा. म्हणजे एकाच मशीनवर वेगवेगळ्या कामांसाठी..."

"खिडक्या," मामा म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढे घेतली.

मामांनी उभी नोकरी आवक-जावक विभागात काढली. निवृत्त ते एकटेच झाले. विभाग अजून चालू आहे. त्यामुळे पुढचा सगळा वेळ मी प्रिंटर जोडत होतो आणि मामा एका कार्यालयाची तपासणी करत होते.

६३१ ने आधी ब्राउझरकडून इशारा दिला की, ही जागा विश्वासार्ह नाही. जागा म्हणजे माझाच लॅपटॉप. कप्स आपलं प्रमाणपत्र स्वतःच्याच सहीने बनवतं आणि ब्राउझर अशा प्रमाणपत्राला मान देत नाही. मामांना हे इतकं पटलं की त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे त्याचं. स्वतःच स्वतःचा दाखला साक्षांकित केला तर कोण घेणार?" मग पासवर्ड मागितला. दिला. तो नाकारला गेला, कारण मशीन माझं असलं, पासवर्ड बरोबर असला, तरी प्रिंटर जोडायला एलपीअ‍ॅडमिन नावाच्या गटात नाव लागतं आणि माझं त्यात नव्हतं.

"तुमचं नाव कोण घालणार त्यात?"

"मीच."

"मग आता का नाही घातलंत?"

"त्यासाठी दुसरीकडून आत जावं लागतं."

मामांनी तृप्त होऊन पाय लांब केले. अशी कार्यालयं त्यांच्या ओळखीची होती.

नाव घालून परत आलो तर यादीत आमचा एकच प्रिंटर तीन वेळा दिसत होता. एकदा आयपीपी म्हणून, एकदा सॉकेट म्हणून, एकदा एलपीडी म्हणून. मामांनी तिघांची चौकशी केली. मी सांगितलं की एलपीडी म्हणजे पोर्ट ५१५, सगळ्यात जुनी पद्धत. तिचे नियम १९९० मध्ये कागदावर आले, पण ती त्याआधीच वापरात होती. सॉकेट म्हणजे ९१००. तिथे काही विचारत नाहीत, जे पाठवाल ते सरळ प्रिंटरच्या तोंडात जातं आणि भाषा चुकली तर पानंच्या पानं चिन्हांचा पाऊस पडतो. आयपीपी म्हणजे ६३१. ती आधी प्रिंटरला विचारते, बाबा रे तू कोण, तुला रंग येतात का, कागद कुठला चालतो, आणि मग काम देते.

"मग ९१०० वर चला," मामा ताबडतोब म्हणाले. "जिथे विचारत नाहीत तिथे काम होतं."

मी त्यांचं न ऐकता शहाण्यासारखा ६३१ वर गेलो. 'प्रिंटर सापडत नाही' असा निरोप आला. दोन क्षणांपूर्वी यादीत दाखवलेला प्रिंटर! हे असं होतं, कारण नेटवर्कवरची यंत्रं आपापली नावं ५३५३ या पोर्टवर पुकारत असतात, आणि यादी बनवणाऱ्याला ती पुकार ऐकू आली तरी नावावरून पत्ता काढणारा दुसराच असतो. त्याला ती ऐकायला कोणी सांगितलेलं नसतं. मी हे मामांना समजावलं नाही. त्यांनी मला समजावलं. "यादी एकाकडे, पत्ते दुसऱ्याकडे. असंच असतं."

चीड कशाची येते सांगू? हीच कप्स मॅकवरही आहे. मायकेल स्वीट नावाच्या माणसाने १९९७ मध्ये ती लिहायला घेतली, २००२ मध्ये अ‍ॅपलने ती मॅकवर नेली आणि २००७ मध्ये तिचा कोड आणि तो माणूस, दोघांनाही आपल्याकडे घेतलं. तिथे लोक प्रिंट म्हणतात आणि पान येतं, निदान तसं सांगतात तरी. आणि युनिक्सला, म्हणजे लिनक्स आणि मॅक ज्या घराण्यातले त्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमला, तर छपाई परकी नाहीच. बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत तिच्या जनकांना नवं मशीन मिळालं तेच मजकूर नीट मांडून देण्याच्या बोलीवर, आणि १९७१ मध्ये तिचं पहिलं खरं गिऱ्हाईक ठरला तिथला पेटंट विभाग. म्हणजे या घराण्याचा जन्मच मुळी अर्ज छापायला झाला! पुढे एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा, आणि अडकला की लोकांना आपोआप निरोप जावा एवढी सोय त्यांना त्यात करायची होती. त्यासाठीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागितला तर मिळाला नाही. तो राग १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पापर्यंत, म्हणजे कोणालाही बदलता येईल अशी युनिक्ससारखी यंत्रणा बनवण्यापर्यंत, पोचला. एका अडकलेल्या कागदापायी जगाला मुक्त सॉफ्टवेअर मिळालं. ब्राउझर मिळाले, डेटाबेस मिळाले, जगातले निम्मेअधिक सर्व्हर त्यावर उभे राहिले. कागद अजून अडकलेलाच आहे.

असो. ९१०० वर गेलो. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला पाठीवर जाणवलं.

इथे ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. यादीत त्या घराण्यातले सगळे प्रिंटर होते, आमचा सोडून. आमच्या आधीचा नंबर होता, नंतरचा होता. मी शेजारचा उचलला. त्यावर एलपीअ‍ॅडमिनने (गटाच्याच नावाची, प्रिंटर जोडायची कमांड) ऐकवलं की प्रिंटर ड्रायव्हर आता कालबाह्य आहेत आणि कप्सच्या पुढच्या कुठल्यातरी आवृत्तीत चालणार नाहीत. धन्यवाद! म्हणजे नवीन पद्धत प्रिंटर शोधणार नाही आणि जुनी पद्धत चालेल, पण तोंड वाकडं करून.

पान पाठवलं. 'फिल्टर फेल्ड' एवढंच उत्तर आलं. फिल्टर म्हणजे पान प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम. कुठला फिल्टर, का फेल, याची नोंद लॉगमध्ये असते. पण लॉगची पातळी आधी 'डीबग'वर, म्हणजे सगळं सविस्तर लिहिण्यावर, नेऊन तीच चूक पुन्हा घडवून आणल्याशिवाय त्यात वाचण्याजोगं काही उमटत नाही. अपघात झाला तर कृपया तो पुन्हा करून दाखवा. शेवटी एक पॅकेज कमी होतं, ते घातलं. तरीही पान येईना. एलपीस्टॅट ही प्रिंटरची स्थिती सांगणारी कमांड चालवून पाहिली, तर रांग कामं स्वीकारत होती आणि प्रिंटर थांबवलेला होता.

"म्हणजे?" मामा.

"म्हणजे चूक झाली की कप्स प्रिंटर बंद करून ठेवतं. पण नवीन कामं घेणं चालू असतं. ती आत साठतात."

मामा चक्क उठून उभे राहिले. "म्हणजे अर्ज स्वीकारणं चालू, निकाली काढणं बंद!"

"हो."

"आणि अर्जदाराला सांगत नाहीत?"

"विचारलं तर सांगतात."

"जावईबापू, हे ज्याने केलंय ना, तो आमच्याकडे काम केलेला माणूस आहे."

मायकेल स्वीट यांच्या वतीने मी खुलासा करणार होतो, पण मामा आता फॉर्मात आले होते. पान अडकलं आहे तर स्मरणपत्र पाठवा म्हणाले. स्मरणपत्र म्हणजे प्रिंटचं बटण पुन्हा दाबणं. मी एका हाताने कप्सएनेबल, म्हणजे थांबवलेला प्रिंटर चालू करायची कमांड, लिहीत होतो आणि मामा माझ्या दुसऱ्या हाताकडून स्मरणपत्रं पाठवून घेत होते. पहिलं, दुसरं, मग 'तातडीचं'. अर्धशासकीय पत्रापर्यंत मजल गेली असती, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत प्रिंटर घरघरला.

घरघरला आणि दिवा मिचकावत थांबला. कारण कप्सने गृहीत धरलं होतं की मी लेटर आकाराचा कागद वापरतो. जगातले बहुतेक देश ए-फोर वापरतात, २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर २१६ बाय २७९, आखूड आणि रुंद, मुख्यतः उत्तर अमेरिकेत चालणारा. मी आयुष्यात तो कागद हातात धरलेला नाही. पण तो मिळेपर्यंत प्रिंटर माझ्या ए-फोरला स्पर्श करणार नव्हता.

मामा दिवा बघून आले. "लाल आहे. धोका आहे का काही?"

वातावरण हलकं करावं म्हणून मी त्यांना एक किस्सा सांगितला. युनिक्सच्या जगात एक प्रसिद्ध निरोप आहे, 'एलपी झीरो ऑन फायर'. एलपी झीरो म्हणजे पहिला प्रिंटर. लिनक्सच्या जुन्या पॅरलल पोर्टच्या (हा पोर्ट म्हणजे प्रिंटरची वायर खोचायची जागा) ड्रायव्हरमध्ये तो खरोखर होता. प्रिंटर म्हणतोय की गडबड आहे. पण कागद संपलेला नाही, तो ऑफलाइनही नाही. मग उरलं काय? पेटला असेल! पूर्वीच्या अवाढव्य लाइन प्रिंटरमध्ये कागद अडकून घर्षणाने खरंच तापायचा म्हणतात. गंमत आहे, मामा.

मामांनी यातला 'गंमत' सोडून सगळा भाग ऐकला. "आणि आपला लेझर आहे का?"

"हो."

"आत तापतो?"

"शाई वितळवायला तापतोच. दोनशे अंशांच्या आसपास..."

मी ए-फोरचं सेटिंग शोधत होतो. पलीकडून 'खट' असा आवाज आला. मामा परत आले ते हात झटकत. "बटण बंद केलं. प्लगपण काढून ठेवला. पाठीमागून गरम लागत होता. वेळेवर लक्षात आलं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी घरोघर पोचली. मेव्हणीचा फोन आला, "भाऊजी, आग विझली का?" मी म्हटलं, आग लागलीच नव्हती. ती म्हणाली, "हो, मामा होते म्हणून." यावर काय बोलणार? अजून कोणी भेटलं की चौकशी करतात, नवीन घेतला का, म्हणून.

पण खरं दुखणं ते नाही. सेटिंग सापडलं होतं, ए-फोर निवडला होता, फक्त पान यायचं होतं. प्लग पुन्हा लावल्यावर प्रिंटरने राऊटरकडे पत्ता मागितला. शहाणे राऊटर जुनाच पत्ता परत देतात. आमच्या नव्या राऊटरने वेगळा दिला. ९१०० ला नाव कळत नाही, पत्ता कळतो. माझी रांग आता रिकाम्या पत्त्यावर कामं पाठवून 'प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट पाहत आहे' असं शांतपणे सांगत बसली.

याच कप्सच्या भोवतालच्या सॉफ्टवेअरमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये मोठी भोकं सापडली होती. एक मदतनीस प्रोग्रॅम ६३१ वर कान लावून बसायचा आणि नेटवर्कवरून कोणीही 'मी प्रिंटर आहे' म्हणालं तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. म्हणजे ती खिडकी बाहेरून उघडी असली तर जगाच्या दुसऱ्या टोकाचा अनोळखी हल्लेखोर या मशीनला प्रिंटर जोडू शकत होता. मला पलीकडच्या खोलीतला जोडता येत नव्हता. त्या हल्ल्याला आणखी एक अट होती. घरच्या माणसाने त्या खोट्या प्रिंटरवर काहीतरी छापायला पाठवायला हवं. मामांच्या स्मरणपत्रांचा हिशेब धरता आम्ही तर आयते सापडलो असतो.

मी नवा पत्ता शोधत होतो तेव्हा मामा आपला फोन हातात धरून आले. "हा दिसतोय की इथे."

फोनवर प्रिंटरचं नाव होतं. त्यांनी बोट लावलं. पलीकडे पान पडलं. ए-फोर, सरळ, सहीच्या जागेसह. फोनही आयपीपीच बोलतो, तीच ६३१, फक्त तिथे गटात नाव लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही आणि मी लागत नाही.

"हे आधी नाही का सांगायचं, जावईबापू?" असं मामा मला म्हणाले. मामा. मला.

मीही हट्टाने एलपीअ‍ॅडमिनला नवा पत्ता दिला आणि एंटर मारला. त्याबरोबर आत साठलेली सगळी स्मरणपत्रं एकामागून एक बाहेर येऊ लागली. मामांनी ती कौतुकाने गोळा केली, ठोकून कडा जुळवल्या, वरचं पान मूळ म्हणून वेगळं काढलं, एक स्थळप्रत ठेवली आणि उरलेली 'माहितीसाठी' माझ्यापुढे सरकवली. मग खिशातून पेन काढून सही केली.

"आता हे स्कॅन करून त्यांना परत मेल करायचंय. प्रिंटरमध्येच स्कॅनर आहे ना?"

"आहे," मी लॅपटॉप मिटला. "पण त्याची खिडकी वेगळी, मामा. ती आज बंद आहे."