गाडी बघा की, मालक कशाला शोधताय?

मागच्या रविवारी संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला एक कलिनन उभी होती. रोल्स रॉइस कलिनन! 2018 ला ती भारतात आली तेव्हा शोरूमचा भावच 6 कोटी 95 लाख होता, टॅक्स-इन्शुरन्स वेगळा. पावणेसात लिटरचं बारा सिलेंडरचं इंजिन चालू होतं आणि आवाज येत होता तो शेजारच्या रिक्षाचा. लहानपणापासून मी पेपरातली गाड्यांची कात्रणं वहीत चिकटवत आलोय. ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो, तीही माझ्या गावात.

आणि मागून सुरू झालं.

"कुणाची बे?"

"कारखानदार असणार. उसाचं बिल थकवायचं आणि असल्या गाड्या घ्यायच्या."

"कारखानदार कुठला लका, वाळूवाला असंल."

एकानं तर थेट पंढरपूरकडच्या कुणाचं तरी नाव घेतलं, दुसऱ्यानं "हां, त्याचीच" म्हणून मान हलवली. सिग्नल सुटायच्या आत खटला चालला, साक्ष झाली, शिक्षाही ठोठावून झाली.

गाडीची पाटी तेलंगणाची होती. पुणे-हैदराबाद हायवे आपल्या गावावरून जातो, दिवसरात्र तिकडच्या गाड्या येतात-जातात, हे सोलापूरच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पाटी डोळ्यांसमोर होती, पण एकानंही ती वाचली नाही. वाचायची गरजच काय, ठरलेलं आहे ना! सोलापुरात महागडी गाडी दिसली म्हणजे आत बसलेला माणूस चोर.

डोकं सणकतं माझं. किती वर्षं ऐकतोय हे. बाहेरच्यांचं वेगळंच. माझा पुण्यातला आतेभाऊ. त्याला एकदा एमएच 13 पाटीच्या बेंटलीचा फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर, "सोलापूरला? लग्नासाठी भाड्यानं आणली असेल." मी म्हटलं, पाटी बघ, इथलीच आहे. तर म्हणे, "मग चादरी विकून घेतली काय?" हाच माणूस कोरेगाव पार्कात लॅम्बोर्गिनी दिसली की म्हणतो, कुणीतरी स्टार्टअप विकलेला दिसतोय, मानलं पाहिजे. तिथल्या माणसाला डोकं असतं आणि इथल्या माणसाला धंदे असतात, असा हा हिशोब. 2010 साली तेव्हाच्या औरंगाबादला लोकांनी एकत्र येऊन एका झटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हाही देशभर बातमी झाली ती याच थक्क सुरात. असल्या गावात एवढ्या गाड्या? असल्या म्हणजे कसल्या हो?

आणि चादरी विकून का नाही? चादर, टॉवेल म्हणजे काय फुकटचा माल आहे? इथं जुनी गिरणी सुरू झाली 1877 साली. गिरण्या बंद पडल्यावर हे गाव यंत्रमागांवर उभं राहिलं. इथला टेरी टॉवेल परदेशात जातो. आतेभावानं आज सकाळी तोंड पुसलं तो टॉवेल कुठला होता, हे त्यानं लेबल उलटून बघावं.

माझे बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. त्यांच्या शेठनं घराच्या मागच्या खोलीत चार मागांवर सुरुवात केली होती. बायको सुताच्या कांड्या भरायची, हा स्वतः माग चालवायचा. बाबा तेव्हापासून त्याच्याकडे. शेठ देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. दिवाळीला बोनसवरून दरवर्षी भांडण व्हायचं, बाबा स्वतः दोनदा गेटवर बसलेले आहेत. पण शेठनं साठी ओलांडल्यावर मर्सिडीजची एस क्लास घेतली, तेव्हा हॉटेलात शेजारच्या टेबलावर बोलणं चाललं होतं, "कामगारांचा पीएफ खाल्ला असणार, त्याशिवाय येते होय असली गाडी." बाबा उठून त्या टेबलाजवळ गेले आणि म्हणाले, "मी त्यांचा कामगार. माझा पीएफ पैसा न् पैसा मिळालाय." कुणी काही बोललं नाही. बाबा अर्धा चहा तसाच टाकून बाहेर आले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. त्या माणसांनी शिवी शेठला दिली होती, पण लागली बाबांना. कारण ती गाडी जर चोरीची, तर बाबांची एकतीस वर्षं कशाची?

हे कुणाच्या डोक्यात येतच नाही.

मग येतो तो गुंठामंत्री. कुणा शेतकऱ्याची जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, त्यानं मोठी गाडी घेतली की सगळ्यांना हसू फुटतं. आजोबा-पणजोबांची जमीन गेलेली आहे त्याची! पुण्यातला फ्लॅट विकून कुणी गाडी घेतली तर त्याला नाव ठेवता का? धोतर-टोपीतला माणूस स्टिअरिंगवर दिसला की मात्र लगेच मोबाइल बाहेर काढून फोटो.

वाळूवाले नाहीत असं नाही. भीमेच्या, सीनेच्या पात्राची काय दशा झालीय ते आम्ही रोज बघतो. बिलं थकवणारे कारखानदार आहेत, दहा टक्क्यांनं पैसे देणारे सावकार आहेत. पण त्यांच्याविरुद्ध अर्जावर सही करायची वेळ आली की सिग्नलवर न्याय देणारे हेच लोक घरात कडी लावून बसतात. खरा चोर समोर दिसला की रामराम, आणि अनोळखी गाडी दिसली की ती चोराची. ही कसली हिंमत?

"गावाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि ह्यांना रोल्स पाहिजे," हेही ऐकतो. पाण्यासाठी मीपण रात्री दोनला उठतो, घागरी भरतो. उजनी एवढी जवळ असून ही तऱ्हा, याची चीड मलाही आहे. पण तो जाब ज्यांना विचारायचा त्यांना विचारा. हैदराबादहून जेवायला थांबलेल्या माणसानं आपलं पाणी अडवलेलं नाही.

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? वालचंद हिराचंद 1882 साली ह्याच सोलापुरात जन्मले. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. पुढे ज्या पद्मिनी टॅक्सीतून मुंबई वर्षानुवर्षं फिरली, ती त्याच कंपनीची. या देशात मोटार बनवायचं ज्यांनी मनावर घेतलं त्यातला एक माणूस आपल्या गावचा. त्यांच्या नावाच्या कॉलेजात इथली पोरं शिकतात. आणि त्या गावात मोटार बघून लोकांना इंजिन आठवत नाही, डिझाइन आठवत नाही, फक्त पाप आठवतं.

त्या रविवारी सिग्नल सुटला. कलिनन हलली. रोल्सच्या चाकाच्या मधोमध दोन आर कोरलेले असतात. चाक कितीही फिरलं तरी ती अक्षरं उभीच राहतात. मी तेच बघायला डोळे लावून उभा होतो. माझ्या शेजारी स्प्लेंडरच्या टाकीवर एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा बसला होता. त्याला ते दिसलं. सोलापुरात इतकी माणसं उभी होती, त्यात ह्या एकट्या पोराला दिसलं. तो ओरडला, "पप्पा, चाक फिरतंय पण मधलं फिरत नाही!"

बाप म्हणाला, "चोरांची गाडी आहे ती. पुढं बघ."

मी त्या पोराला सांगणार होतो की आतल्या बाजूनं वजन लावलेलं असतं, म्हणून ते सरळ राहतं. तोवर स्प्लेंडर विजापूर रोडला वळली होती.