शिकाऊ उमेदवार की स्वस्त मजूर? सांगलीजवळच्या कुपवाडच्या वाचकांना उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. कारखाने, महाविद्यालये आणि गावोगावच्या संस्थांनी मिळून कुशल कामगार घडवावेत, या माझ्या म्हणण्याला आपण ‘स्वस्त मजूर मिळवण्याची सोय’ म्हटले आहे. फिटर ट्रेड (यंत्रांचे भाग जोडण्या-बसवण्याचा आयटीआयचा अभ्यासक्रम) पूर्ण केलेल्या आपल्या पुतण्याला एका कारखान्याने शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊन वर्षभर पॅकिंगला जुंपले आणि मुदत संपताच घरी पाठवले, हा आपला दाखला. त्यावर मी अविश्वास दाखवत नाही. मात्र शिक्षणसंस्थांनी कारखान्यांपासून लांबच राहावे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

आपल्या बाजूचा मुद्दा आधी मांडतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार असा मुलगा ‘कामगार’ नसतो, मुदतीनंतर त्याला कामावर घेण्याचे बंधनही मालकावर सहसा नसते, आणि २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकारच उचलू लागले. तेव्हा मोह होणारच. पण ज्या ट्रेडसाठी करार झाला त्याचेच प्रशिक्षण देणे आणि प्रगतीची नोंद ठेवणे हेही त्याच कायद्याने मालकावर सोपवले आहे. ही नोंद कारखान्याबाहेरचे कोणी वाचत नाही, खरी गोम तिथे आहे.

सीएनसी मशीनचेच, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या यंत्राचेच पाहा. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकात (पकडीत) पकडणे, दार लावणे, यंत्र सुरू करणारे ‘सायकल स्टार्ट’चे बटण दाबणे हे आठवडाभरात जमते, आणि पुष्कळ मुले तिथेच अडकतात. टूलचा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) कसा घ्यायचा, इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे पाते, झिजल्यावर माप कोणत्या बाजूला सरकते, मायक्रोमीटरवर दिसलेला ०.०२ मिलिमीटरचा फरक कुठे भरून काढायचा, हे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा अनुभवी कामगार, शेजारी उभा राहून दाखवतो तेव्हाच हाताला येते. वर्गात ते शिकवता येत नाही. शिफ्टचा आकडा गाठायची घाई असलेल्या सेटरला त्यासाठी सवडही नसते. म्हणून शिकवण्यात गेलेले त्याचे तास उत्पादनातून वगळावेत आणि आयटीआयच्या निदेशकाने दर पंधरवड्याला कारखान्याच्या शॉपवर येऊन मुलाकडून स्वतःसमोर जॉब सेट करून घ्यावा, या दोन अटी करारातच हव्यात. गावच्या संस्थेची सही तिसरी असावी, कारण कंपनीच्या गेटवर तक्रार घेऊन जायला आईबाप कचरतात, संस्थेच्या कार्यालयात मात्र मोकळेपणाने बोलतात. (मुलींच्या बाबतीत तर राहण्याची आणि बसची हमी संस्थेने घेतल्याशिवाय घरून होकारच येत नाही.)

मालकाने शिकवल्याचे एक तरी उदाहरण दाखवा, असे आपण विचारले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसेच कारखान्यात शिकून तयार झाली. पुढे रयत शिक्षण संस्था उभारणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीही किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले होते. कारखाना आणि शाळा यांची आपल्या भागातली ओळख जुनी आहे. अर्थात लक्ष्मणरावांना तयार कारागीर मिळणारच नव्हते, आज कुपवाडच्या कारखान्यांच्या गेटवर प्रमाणपत्रे घेऊन रांग लागते. परिस्थितीने घातलेली ती सक्ती उरली नाही, म्हणूनच ती करारातून घालावी लागेल.

आपल्या पुतण्याने कराराची प्रत काढून त्यावर कोणता ट्रेड लिहिला आहे ते पाहावे. फिटर असेल, तर करारावरून उद्भवलेल्या वादांचा निर्णय देण्याचा अधिकार कायद्याने शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना आहे. पॅकिंगच्या कामाचे हजेरीपत्रक वा तसा पुरावा जोडून त्यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी.